नासेरभाईची नाकपट्टी

गोरेगावच्या जीपस्टँडसमोर, खताच्या दुकानाला खेटून, नासेरभाईचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे कसं, एक गिऱ्हाईक बसलं की दुसऱ्यानं उभं राहायचं आणि तिसऱ्यानं रस्त्यावरूनच बोलायचं. मागच्या भिंतीवर काळ्या रंगात अधिकचं एक भलंमोठं चिन्ह काढलेलं आहे. नवखा माणूस विचारतो, हा दवाखाना हाय का? नासेरभाई म्हणतो, "न्हाई बाबा, गणिताचा क्लास हाय. बस, बेरीज शिकवतो."

आता हिंगोलीला मशिनी आल्यात. हनुवटी टेकवली, आत एक घर दिसलं, चिट्ठी बाहेर आली, झालं. नासेरभाईकडं असलं काही नाही. त्याच्याकडं आहे नाकपट्टी. हे नाव त्यानं दिलेलं नाही, लोकांनी दिलंय. साखऱ्याचा, नरसीचा, तांड्यावरचा माणूस जीपमधून उतरतो आणि म्हणतो, "भाई, डोकं लई दुखून राहिलं. जरा नाकपट्टी लावा."

ही पट्टी म्हणजे नासेरभाईच्या बापाचा गज. बाप आठवडी बाजारात कापड विकायचा, शिसवीच्या लाकडी गजानं मोजून द्यायचा. बाप गेला, कापडाचा धंदा गेला, गज तेवढा कोपऱ्यात उभा राहिला. नासेरभाईनं एक दिवस तो अर्धा कापला. बाप जिवंत असता तर उरलेल्या अर्ध्यानं त्यानं पोराची पाठ मोजली असती, यात शंका नाही. एका टोकाला नाकाच्या दांडीवर बसेल अशी खाच केली, तिला चाँदबीनं, म्हणजे नासेरभाईच्या बायकोनं, मखमलीचा तुकडा चिकटवला. तापल्या सुईनं सेंटीमीटरच्या रेघा पाडल्या. वर पुढंमागं सरकणारा पत्र्याचा एक तुकडा, आणि त्या पत्र्यावर डिंकानं चिकटवलेला जोंधळ्याचा एक दाणा.

पट्टीची खाच नाकावर ठेवायची. पत्रा लांबून हळूहळू नाकाकडं आणायचा. माणसानं दाण्याकडं बघत राहायचं. लांबचं बघताना दोन्ही बुबुळं सरळ असतात. जवळचं बघायचं म्हटलं की दोघांना बराबर नाकाकडं वळावं लागतं. बांधाशी वळताना जोडीतला एक बैल ढिला पडला की नांगराचं तास वाकडं जातं, तसंच हे. एक डोळा ढिला पडला की एका दाण्याचे दोन दिसायला लागतात. किती अंतरावर दोन झाले, ती रेघ बघायची. दहाच्या आत झाले तर डोळे धडधाकट. पंधराला, विसाला झाले तर डोकं दुखणारच, अक्षरं पळणारच, सुई दोरा घेणारच नाही.

"दाण्याचे दोन झाले की सांगा," नासेरभाई म्हणायचा. आणि दर दहा माणसांत एक तरी म्हणायचाच, "भाई, एका दाण्याचे दोन व्हत असतील तर ही पट्टीच द्या ना. वावरातच नेतो!" पन्नास वेळा ऐकलेला विनोद, पण नासेरभाई दर वेळी हसायचा. गिऱ्हाइकाचा विनोद आणि सासऱ्याचा सल्ला ऐकून घ्यावा लागतो, असं त्याचं म्हणणं.

ही विद्या त्याला मिळाली नरसीच्या शाळेत. तेव्हा तो सायकलवर डबा बांधून तयार चष्मे विकत फिरायचा. नंबर-बिंबर काही नाही. लावून बघा, दिसलं तर घ्या. शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं, तर हा पठ्ठ्या तिथंच गेटवर डबा उघडून बसला. परभणीकडून आलेले देविदास डॉक्टर बाहेर आले. नासेरला वाटलं, आता हाकलतील. डॉक्टर म्हणाले, "इथं उन्हात बसून लोकांचे डोळे खराब करण्यापेक्षा आत ये, रांग धर." तीन दिवस नासेरनं रांग धरली आणि डॉक्टरांच्या हाताकडं बघत राहिला. डॉक्टर पेनाचं टोक माणसाच्या नाकाकडं आणायचे आणि बाजूला फूटपट्टी धरायचे. तिसऱ्या दिवशी नासेरनं विचारलं, "साहेब, हे काहून करता?" डॉक्टरांनी त्याला समोर बसवला आणि सगळं सांगितलं. पुढं दोन वर्षं जिथं शिबिर तिथं नासेर. काचेचा मध्य कसा काढायचा तेही तिथंच शिकला. भिंतीवरच्या अधिकच्या चिन्हाकडं काचेतून बघायचं, जिथं चिन्ह मोडत नाही तिथं शाईचा ठिपका द्यायचा. तो ठिपका माणसाच्या बुबुळासमोर आला पाहिजे. सगळ्या चष्म्याचा जीव त्या ठिपक्यात.

देविदास डॉक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी "भाई, तुमचा हात लई बराबर" म्हटलं, की नासेरभाईचा हात आपोआप कपाळाला जातो. "माझा कुठला," म्हणतो. "डॉक्टरांचा हाय. मी नुसता धरून बसलो."

वसरामची गोष्ट त्याच सुरुवातीच्या काळातली. तिला तीस वर्षं झाली.

वसराम साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा. दोन एकर कोरडवाहू आणि वर मोटारीच्या वायंडिंगचं काम. पंचक्रोशीत विहिरीवरची मोटार जळाली की वसरामकडं यायची. तांब्याची केसासारखी तार, ती वेढ्याला वेढा लावून भरायची. कामात वाघ, पण संध्याकाळ झाली की पिऊन पडायचा. मग एका वर्षी त्याच्या बायकोनं, जिवनबाईनं, त्याला तांड्यावरच्या पांढऱ्या झेंड्याखाली नेलं आणि सेवालाल महाराजांची शपथ घ्यायला लावली. जिवनबाई हे प्रकरणच वेगळं. बोलायची कमी. पण बघायची अशी, की माणसानं दारू काय, पाणी प्यायच्या आधीही विचार करावा.

शपथ घेतल्याला तीन महिने झाले आणि वसरामला एका तारेच्या दोन तारा दिसायला लागल्या. डोकं ठणकायचं. जिवनबाईच त्याला घेऊन गोरेगावला आली आणि दुकानात शेजारी ठाण मांडून बसली.

नासेरनं पट्टी लावली. "दाण्याचे दोन झाले की सांग."

पत्रा तिसावर. "एकच," वसराम म्हणाला. विसावर. "एकच." दहावर. "एकच की." पत्रा नाकाला टेकला. वसराम घाम पुसत म्हणाला, "एकच हाय, भाई. कायम एकच."

नासेर चक्रावला. नाकाला टेकलेला दाणा प्रत्यक्ष देवालाही एक दिसत नसेल! त्यानं पत्रा मागं नेला आणि पुन्हा आणला. ह्या खेपेला त्यानं वसरामच्या तोंडाकडं बघितलंच नाही, डोळ्यांकडं बघितलं. पत्रा अठरावर आला आणि उजवं बुबुळ धरलेलं सोडून हळूच बाहेरच्या बाजूला निसटलं. वसराम म्हणत होता, "एकच."

तेवढ्यात नासेरची नजर जिवनबाईकडं गेली. ती नवऱ्याकडं टक लावून बघत होती. आणि नासेरच्या टकुऱ्यात उजेड पडला. अरे, एकाचे दोन कुणाला दिसतात? पिणाऱ्याला! हा गडी बायकोसमोर "दोन" म्हणेल कसा? म्हटला की शपथ मोडली.

"वहिनी," नासेर म्हणाला, "समोरून जरा कडक चहा सांगून या बरं." जिवनबाई उठून गेली. नासेर खाली वाकला. "वसराम, खरं बोल. दोन दिसून राहिले ना?"

वसरामच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाई, अल्लाची शपथ, तुमच्या अल्लाची, थेंबबी न्हाई पिलो. पन दोन दिसतात. तिला सांगू नका."

नासेरनं नाही सांगितलं. त्यानं वसरामला डॉक्टरांचा व्यायाम दिला. काडीपेटीतली काडी हातभर लांब धरायची, हळूहळू नाकाकडं आणायची, दोन झाली की जोर लावून एक करायची. रोज सकाळी वीस वेळा. जिवनबाईला सांगितलं, "नजर अशक्त झाली, मेहनत करावी लागंल." वसराम विहिरीच्या काठावर बसून काडीकडं तिरळं बघायचा आणि तांड्यावरची माणसं लांबून जायची. एकजण तर म्हणाला, नासेरनं ह्याला मंत्र दिला. चार महिन्यांनी पट्टी लावली तर दाणा आठावर दोन झाला. डोकं दुखायचं राहिलं, तारा एक झाल्या.

वसरामच्या डोळ्यांवरून नासेर एक गोष्ट शिकला, जी डॉक्टरांनीही सांगितली नव्हती. तोंड लाजतं, बुबुळ लाजत नाही. पुढं तीस वर्षं तो माणसाच्या बोलण्याबरोबर डोळाही वाचत आला. पण एक चूक त्यानं तेव्हाच करून ठेवली होती. भल्यासाठी केली, तरी चूक ती चूकच. एकाचे दोन दारूविनाही दिसतात, हे त्यानं जिवनबाईला कधी सांगितलंच नाही.

तेव्हापासून नाकपट्टीवरचा दाणा वसरामचा. दर वर्षी सुगी झाली की तो ओंजळभर नवा जोंधळा रुमालात बांधून आणायचा. नासेरभाई त्यातला एक गोल, टपोरा दाणा निवडायचा आणि जुना काढून नवा चिकटवायचा. बाकीच्या ओंजळीची चाँदबी भाकर करायची, दोघं दोस्त एका ताटात खायचे. काय दिवस होते! बाजाराच्या दिवशी दुकानासमोर बैलगाड्यांची रांग लागायची. सगळ्या शिवारात जोंधळा, कणसं अशी की वाटेनं जाताना खांद्याला घासायची. आता बघाल तिकडं सोयाबीन, नाहीतर हळद. वसरामनंही जोंधळा सोडला. पण बांधाकडेला चार तासं तेवढी टाकतोच. पोरं विचारतात, चार तासांत काय होतं? वसराम म्हणतो, "नासेरभाईचा दाना व्हतो."

तर अशी सगळी घडी बसलेली. आणि मग गेल्या वर्षी नासेरभाईचेच डोळे फितूर झाले.

अडुसष्ट वय. आधी काचेवरचा शाईचा ठिपका जुळा दिसायला लागला. मग स्क्रू. मग फूटपट्टीच्या रेघा एकमेकींत घुसायला लागल्या. नासेरभाईनं उपाय काढला, डावा डोळा मिटायचा. एकाच डोळ्यानं बघितलं की दोन दिसायचा प्रश्नच मिटतो. गिऱ्हाइकांना वाटायचं, कारागिराची लकब आहे. सोनार नाही का एक डोळा बारीक करत?

चाँदबीला मात्र कोण फसवणार! "क्या जी," ती म्हणाली, "आँख मारते क्या चष्मे को?"

"काम हाय ते. तुला न्हाई कळायचं."

"मला कळतं. सुईत दोरा मी अजून एका फटक्यात घालते. ठिपका मी देऊ का?"

"चष्म्याचं दुकान हाय हे, गोधडी न्हाई," नासेरभाई खेकसला. चाँदबी तीन दिवस घुश्श्यात होती. एकदा दुपारी दुकानात कुणी नसताना त्यानं नाकपट्टी गुपचूप स्वतःच्या नाकावर ठेवली. पत्रा पार लांब टोकाला होता. तिथंच दोन दाणे. त्यानं पट्टी खाली ठेवली आणि स्वतःशीच म्हणाला, "दाना जुना झाला." लोकांना तीस वर्षं सांगितलं, लाजू नका. स्वतःवर आलं तर बघा कसं.

आणि त्याच महिन्यात वसराम जवळचा चष्मा बनवायला आला. नंबर मोठा होता. काच जाड, आणि जाड काचेचा मध्य रेघभर हलला तरी चालत नाही. वसरामचं माप नासेरभाईला तोंडपाठ होतं, दोन बुबुळांमधलं अंतर फूटपट्टीच्या अठ्ठावन्न बारीक रेघा. मोजायचीसुद्धा गरज नव्हती. फक्त काचेवर ठिपके देऊन त्या घासून बसवायच्या होत्या.

पण वसराम समोरच बसून होता. गप्पा मारत, हाताकडं बघत. नासेरभाईनं डावा डोळा मिटायला घेतला आणि थांबला. साऱ्या जगाला लकब वाटेल, पण हा वसराम. ह्यानं एकाचे दोन भोगलेत. हा एका क्षणात ओळखेल. नासेरभाईनं दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवले, रेघांत रेघा घुसल्या, त्यानं अंदाजानं ठिपके दिले आणि काचा साणेच्या दगडावर घासल्या. नवा चष्मा नाकावर चढवून वसराम ऐटीत गेला. "दोन दिवस जड वाटंल," नासेरभाई म्हणाला, "मंग सवय व्हईल."

पंधरा-वीस दिवसांनी वसराम पुन्हा आला. बाजाराचा दिवस नव्हता आणि जिवनबाई सोबत नव्हती. तो बसला आणि चष्मा काढून पुढं ठेवला.

"काय झालं रं?"

"नासेरभाई, पट्टी काढा." मग खाली बघत म्हणाला, "मले परत दोन दिसून राहिले."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तांड्यावर सेवालाल महाराजांना भोग लावायचा होता. झेंड्यापुढं निखाऱ्यावर तूप सोडायचा मान गेली वीस वर्षं वसरामचा. ज्या झेंड्याखाली दारू सोडली त्याच झेंड्यापुढं पळी हातात, ही काही लहान गोष्ट नाही. वसरामनं नवा चष्मा लावून पळी धरली. समोर दोन ठिकाणी निखारे दिसले. त्यानं तूप सोडलं, ते सगळं मातीत. दुसऱ्यांदा सोडलं, ते नायक शंकरसिंगच्या पायावर.  शंकरसिंग म्हणजे तांड्याचा नायक, त्याचा शब्द शेवटचा.  तो पुढं झाला आणि वसरामच्या हातातली पळी काढून घेतली.

"लोकं म्हनतात, म्हातारपनी सुरू केली वाटतं," वसराम म्हणाला. "म्हनू द्या. पन जिवना बोलत न्हाई, भाई. आठ दिवस झाले. ताट वाढते, पुढं सरकवते, उठून जाते. भांडली तरी बरं व्हतं. तीस वर्सं, भाई. एक थेंब न्हाई. आन तिला वाटतं मी झेंड्यापुढं पिऊन उभा राहिलो."

नासेरभाईनं पट्टी लावली. चष्म्याशिवाय दाणा नवावर दोन झाला. डोळे चांगले होते. चष्मा चढवला, तर दाणा पंचविसावरच दोन.

म्हणजे दोष चष्म्यात.

नासेरभाईनं चष्मा भिंतीवरच्या चिन्हासमोर धरला.  डावा डोळा मिटला, मध्य शोधला, ठिपके दिले, फूटपट्टी लावली. अठ्ठावन्न पाहिजे होते. अडुसष्ट होते. दहा रेघांनी मध्य बाहेर. काचा वसरामच्या डोळ्यांना ओढत होत्या, आणखी वळा, आणखी वळा म्हणत होत्या, आणि म्हाताऱ्या डोळ्यांत तेवढा दम नव्हता. आपल्या हातानं, आपल्या खोट्या ऐटीपायी, दोस्ताच्या तीस वर्षांवर त्यानं बोळा फिरवला होता.

त्यानं मान वर केली तर वसराम त्याच्याकडंच बघत होता. मिटलेल्या डाव्या डोळ्याकडं.

"कवापासून, भाई?" वसरामनं हळू विचारलं.

नासेरभाईनं चष्मा खाली ठेवला. मानही खाली गेली.

 वसरामनं रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "राहू द्या. मी सांगतो, पिलो व्हतो म्हनून. माफी मागतो. सत्तर वर्साचं म्हातारं एकदा घसरलं, तांडा काय फासावर देत न्हाई. पन चष्मेवाल्यालाच दोन दिसतात हे बाजारात कळलं तर तुमचं दुकान बंद. तुमी काय करान?"

हे ऐकून नासेरभाईला भडभडून आलं. मग राग आला, स्वतःचाच. "चूप बस!" तो ओरडला, इतका की खतवाल्यानं डोकावून बघितलं. "तवा तुझं मी झाकलं, आता माझं तू झाकनार. किती झाकाझाकी करायची रं? चल ऊठ."

"कुठं?"

"झेंड्याखाली."

त्यानं नाकपट्टी रुमालात गुंडाळली आणि चाँदबीला हाक मारली, "दुकान बघ." दोघं साखऱ्याच्या जीपमध्ये बसले. आता माणूस म्हटल्यावर मन काही सरळ चालत नाही. वाटेत नासेरभाईच्या मनात आलं, काच तर शहरातून येते. काचेतच खोट होती म्हणून सांगितलं तर? वसराम सुटेल, आपणही सुटू. कोण तपासायला बसलंय? जीप खड्ड्यांत आदळत होती आणि हा तेच वाक्य पुन्हा पुन्हा घोळवत होता.

तांड्यावर झेंड्याच्या ओट्याजवळ शंकरसिंग आणि चार म्हातारे बसले होते. जिवनबाई समोरच्या आपल्या ओसरीतून बघत होती. नासेरभाईनं रामराम घातला, चष्मा पुढं ठेवला आणि म्हणाला, "नायक, वसराम पिलेला नव्हता. ह्या चष्म्यानं त्याला दोन दिसले."

शंकरसिंगनं चष्मा उचलून उलटासुलटा केला. "मंग काचेत खोट व्हती म्हना की, भाई. तुमी काय करनार त्याला?"

बघा, नायकानं आपण होऊन वाट काढून दिली! नुसती मान हलवायची होती. नासेरभाईनं बाजूला बघितलं. वसराम जमिनीकडं बघत उभा होता, आणि त्याची स्वतःची मानच हळूहळू हलत होती, व्हय म्हना, व्हय म्हना.

"न्हाई," नासेरभाई म्हणाला. "काच चांगली हाय. खोट माझ्या डोळ्यांत हाय. मला दोन दिसतात. साल झालं."

 ओसरीतून जिवनबाईचा आवाज आला. "दोस्तासाठी बोलून राहिले तुमी. दारूबिगर कुनाला दोन दिसतात?"

"या वहिनी, तुमीच बघा." नासेरभाईनं रुमाल सोडला. "तीस वर्सांमागं हे तुमाला सांगायला पाहिजे व्हतं. मी तुमाला चहा सांगायला धाडलं. माझी चूक झाली."

तो ओट्याखाली मातीत बसला, पट्टीची खाच नाकावर ठेवली आणि दुसरं टोक जिवनबाईच्या हातात दिलं. "माझ्या तोंडाकडं बघू नका. तोंड खोटं बोलतं. बुबुळाकडं बघा. ती एकमेकाला धरतात का सोडतात, ते बघा."

जिवनबाई समोर टेकली. तिनं पत्रा टोकापासून हळूहळू सरकवायला घेतला. नासेरभाईनं दोन्ही डोळे उघडे ठेवले. साऱ्या तांड्यापुढं, मोठ्यानं, तो म्हणाला, "दोन."

पत्रा पुढं आला.

"दोन, वहिनी. पहिल्यापासूनच दोन."

जिवनबाई बघत होती. उजवं बुबुळ दाण्यामागं नाकाकडं वळलं. डावं थोडं आलं, थरथरलं आणि सुटून बाहेर गेलं, कोपऱ्यात जाऊन थांबलं. दारूचा वास नाही, काही नाही. साठी उलटलेला माणूस समोर बसलेला, आणि त्याचा एक डोळा दाण्यावर, एक भलतीकडंच. तिनं पत्रा थांबवला. पट्टी त्याच्या नाकावरून अलगद काढली आणि रुमालात ठेवली.

मग ती वसरामकडं वळली. आठ दिवसांनी पहिल्यांदा. "त्या टायमालाबी असंच दिसत व्हतं?" तिनं विचारलं. "गोरेगावला, माझ्यापुढं एकच एकच करत व्हतास तवा?"

"व्हय," वसराम म्हणाला.

"मंग सांगायचं न्हाई?" जिवनबाईचा आवाज फाटला. "तीस वर्सं मला भ्यायलास व्हय रे!" आणि ती पदर तोंडाशी धरून रडायला लागली. तांड्यावर जिवनबाईला रडताना कुणी बघितलं नव्हतं. म्हातारे झेंड्याकडं बघायला लागले.

शंकरसिंगनं देवाच्या पेटीतून पळी काढली आणि वसरामच्या हातात दिली.

परतीच्या जीपपर्यंत दोघं नवराबायको सोडायला आले. जिवनबाईनं नासेरभाईच्या हातात चिमूटभर जोंधळा ठेवला. "दाना जुना झालाय तुमचा," ती म्हणाली.

घरी आल्यावर नासेरभाईनं चाँदबीला सगळं सांगितलं. मग शाईचं पेन तिच्यापुढं सरकवलं. चाँदबीनं लगेच उचललं नाही. इतकी वर्षं संसार केला, एवढा भाव तर खाणारच. "गोधडी न्हाई ना ही?" ती म्हणाली. नासेरभाईनं कान धरले, तेव्हा तिनं पेन उचललं. वसरामच्या चष्म्यात नव्या काचा बसल्या, त्यांचा पहिला ठिपका तिचा. अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न, एक रेघ इकडं नाही की तिकडं नाही.

गोष्ट बाजारात पसरायची ती पसरलीच. काही गिऱ्हाइकं हिंगोलीला गेली. बरीच आली, काही तर नुसती बघायला आली. पुढच्या बाजारी पहिलं गिऱ्हाईक एक तरुण बाई होती, पेमा नावाची, तांड्यावरची शिवणकाम करणारी. सोबत सासू. पट्टी नाकावर, नवा दाणा पत्र्यावर, शेजारी पेन घेऊन चाँदबी. पेमा सासूकडं चोरून बघत म्हणाली, "एकच." पत्रा जवळ आला. "एकच."

नासेरभाईनं पत्रा थांबवला.

"लाजू नको, बाई," तो म्हणाला. "दोन दिसले तर दोन म्हन. मलाबी दोनच दिसतात."